घोडा आणि विषारी झाडं: आधी घोडा हलवा, मग कोयता उचला

तबेल्याच्या कुंपणाला कण्हेर आहे आणि ती विषारी असते, हे कुणीतरी सांगतं. मालक त्याच दिवशी कोयता घेऊन ती तोडतो. घोडा तिथेच शेजारी बांधलेला असतो. तोडलेल्या फांद्या ‘उद्या उचलू’ म्हणून कुंपणाशी रचून ठेवल्या जातात. दोन दिवसांत पानं सुकतात, त्यांचा कडूपणा घोड्याला पूर्वीइतका जाणवत नाही. ज्या झाडाला त्यानं पाच वर्षं तोंड लावलं नव्हतं, त्याचीच पानं तो त्या आठवड्यात खातो. पानं सुकली म्हणून विष मात्र कमी झालेलं नसतं.

हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी माणसाचा हेतू चांगलाच होता. चूक क्रमाची होती. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमानं दिल्या आहेत त्याच क्रमानं करा, मधली एकही गाळू नका.

## कामाला लागण्याआधी

घोड्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा. पहिली, घोड्याला उलटी होत नाही. कुत्रा वाईट खाल्लं तर ओकून टाकतो, घोड्याला ते जमत नाही. एकदा गिळलं की ते सगळ्या आतड्यातून जाणारच. दुसरी, घोड्याचं पोट लहान असतं आणि मोकळा सोडला तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. गव्हाण रिकामी राहिली की तो लाकूड कुरतडतो, माती चाटतो आणि एरवी हुंगून सोडून दिलेला पालाही खातो. पोट भरलेला घोडा विषारी झाड सहसा टाळतो. भुकेला टाळत नाही.

जवळ एवढं सामान ठेवा: जाड हातमोजे, कोयता, टिकाव, दाताळं, एक मोठी ताडपत्री, रिकामी पोती, वही आणि फोटो काढायला फोन. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि घोडा पाहणाऱ्या डॉक्टरांचा नंबर तबेल्याच्या दारावर ठळक लिहा. त्याखाली १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबरही लिहा. मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) तो तोंडपाठ हवा, कारण दुपारी तबेल्यात तोच असतो.

## पायरी १: घोड्याचं तोंड कुठवर पोचतं ते मोजा

आवारभर हिंडून झाडं बघू नका. आधी घोडा कुठवर पोचतो ते ठरवा, मग त्या रेषेच्या आतलं बघा.

मोकळ्या वाड्यात सोडलेला घोडा कुंपणावरून मान काढून पाच फूट सहज गाठतो. कुंपणाच्या बाहेर दहा फुटांचा पट्टा स्वच्छ हवा असं धरा, म्हणजे पलीकडच्या फांद्या वाढल्या तरी काही महिने निभावतं. दोरानं बांधलेल्या घोड्याचा हिशेब वेगळा आहे. दोर म्होरकीला (तोंडावरच्या पट्ट्याला) असेल तर दोराची लांबी आणि वर हातभर. दोर पायाला असेल तर दोराची लांबी आणि वर अख्ख्या अंगाची लांबी, म्हणजे आणखी आठ फूट तरी. खुंटा मधोमध धरून तेवढा गोल पावलांनी चाला. या गोलात काय येतं हे अनेक मालकांना पहिल्यांदा चालल्यावरच कळतं.

फेरीत या जागा हमखास राहून जातात:

- पाण्याच्या हौदावर झुकलेलं झाड. कण्हेरीची पानं-फुलं पाण्यात पडून कुजली तर ते पाणीही घातक.
- शेजाऱ्याच्या बांधावरून आत आलेले वेल.
- खताचा उकिरडा आणि त्याच्या कडेनं उगवलेला एरंड, धोत्रा.
- देवळाची किंवा देवघराची मागची बाजू, जिथे निर्माल्य पडतं.

तपासा: वहीत आवाराचा साधा नकाशा काढला का? प्रत्येक संशयास्पद झाडाला आकडा दिला का? नाव माहीत नसेल तर पान, फूल आणि फळ तिन्ही दिसतील असा फोटो काढा आणि पशुवैद्यकाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. नाव कळेपर्यंत झाड विषारीच समजायचं.

## पायरी २: ओळख पक्की करा

सगळी विषारी झाडं सारखी नसतात. काही तासांत मारतात, काही महिनोन्‌महिने गुपचूप यकृत खातात. कुठलं आधी काढायचं हे त्यावर ठरतं.

कण्हेर सगळ्यात वर. पांढरी, गुलाबी, लाल, कुठलीही. लांब, टोकदार, जाडसर पानं, बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यात. विष पान, फूल, साल, मूळ सगळ्यात असतं आणि ते थेट हृदयावर जातं. दहा-वीस पानं मोठ्या घोड्याचा जीव घ्यायला पुरतात. पिवळी कण्हेर, जिच्या बिया पोरं ‘बिट्ट्या’ म्हणून खेळायला घेतात, तीही त्याच जातीचं विष बाळगते. पानं अरुंद, फूल पिवळं घंटेसारखं, तोडलं की पांढरा चीक. देवपूजेसाठी ही दोन्ही झाडं दारात लावलेली असतात, त्यामुळे घरच्यांना ती काढायची म्हटलं की जड जातं. काढता येत नसेल तर तबेल्यापासून लांब, बंद कुंपणात नेऊन लावा, पण घोड्याच्या रेषेत ठेवू नका.

एरंड दुसरा. गोचिडासारखं ठिपकेदार, चकचकीत बी हेच त्याचं मुख्य हत्यार. या विषाला घोडा इतर जनावरांपेक्षा फार नाजूक आहे. लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी पोटशूळ, घाम, पातळ आणि रक्ताळलेली लीद सुरू होते. त्यामुळे ‘काल खाल्लं, आज ठीक आहे’ यावर विसंबू नका. कुंपणाला लावलेला मोगली एरंड वेगळं झाड आहे, पण त्याच्या बियाही तशाच टाळायच्या. गुंज वेलीवरच्या लाल-काळ्या बिया अख्ख्या गेल्या तर टणक सालीमुळे कधी निभावतं, पण घोडा चावून खातो, म्हणून धोका मोठा. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी, पिवळ्या-लाल ज्वाळेसारख्या पाकळ्यांची, कंदासकट काढायची.

धोत्रा उकिरड्यावर आणि सोयाबीनच्या शेतात उगवतो. ताजा पाला घोडा सहसा खात नाही, पण बी दाण्यात मिसळून येतं. धोत्र्यानं घोड्याचं आतडं थांबतं. लीद बंद, तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि पुढे घट्ट पोटशूळ.

आता हळू मारणारी. मला यांचीच जास्त धास्ती वाटते, कारण लक्षणं दिसतात तेव्हा मालकाला कारण आठवतही नाही. खुळखुळा घ्या. मटारासारखं पिवळं फूल, वाळलेली शेंग हलवली की आत बिया खुळखुळतात. त्यातलं विष यकृतात साठत जातं. घोडा आज खातो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी खंगायला लागतो. डोकं भिंतीला टेकवून उभा राहतो, किंवा कुंपणाच्या कडेनं दिशा नसल्यासारखा चालतच राहतो. हिरवळीच्या खतासाठी आपण जो ताग पेरतो तोही याच कुळातला, आणि त्याच्या बियांत याच जातीचं विष असतं. तागाचं रान आणि घोड्याचं चराऊ रान शेजारी ठेवू नका.

महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला डोंगरउतारावर नेचा दाट वाढतो. एकदोन पानांनी काही होत नाही. काही आठवडे वैरणीतून पोटात जात राहिला तर घोड्याच्या अंगातलं जीवनसत्त्व ब-१ नासतं, घोडा पाय फाकवून उभा राहतो, झोकांड्या खातो. वेळेत ओळखलं तर डॉक्टर ब-१ ची इंजेक्शनं देऊन घोडा वाचवू शकतात, म्हणून ‘वैरण डोंगरावरची होती’ हे त्यांना आवर्जून सांगा.

सुबाभूळ शेळीला चालते म्हणून घोड्यालाही चालते, हा हिशेब चुकीचा आहे. ती नेहमी खाल्ली की घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस झडतात, खुरांवरही परिणाम होतो. खरारा करताना हातात केसांचा पुंजका आला तर आधी सुबाभळीची चौकशी करा.

ज्वारीचे कोवळे कोंब, कापणीनंतरचे फुटवे आणि पावसाच्या ताणानंतर आलेली हिरवी पालवी गुरांना लागते (विषबाधा होते), तिला आपण किराळ लागणं म्हणतो. घोड्यातही ही हिरवी ज्वारी सतत चारली तर मागचे पाय लटपटतात आणि लघवी थेंब-थेंब सुटते. नीट वाळलेला कडबा यापेक्षा खूपच सुरक्षित. संकरित चाऱ्याच्या ज्वारीलाही हाच नियम.

कुंपणातली घाणेरी, शेर, बेशरम, रस्त्याकडेची रुई, बागेतली रातराणी आणि पिवळट पानांचा दुरांता यांची नावं वहीत असू द्या. बेशरमाचं विशेष लक्षात घ्या: चैत्र-वैशाखात सगळं वाळतं तेव्हा ओढ्याकाठी तेवढंच हिरवं उरतं, म्हणून उन्हाळ्यात जनावर त्याच्याकडे वळतं. अलीकडे काही शेतकरी एव्होकॅडो लावू लागले आहेत. त्याची पानं आणि फळं घोड्याला बाधतात, सुजलेलं तोंड आणि हृदयाचा त्रास ही त्याची खूण. नवी बाग लावताना हे शेजाऱ्याला आधीच सांगा.

एक गोष्ट विषारी झाडांच्या यादीत कुणी घालत नाही, पण घोड्यासाठी ती घालायला हवी: अंजन आणि त्यासारखी काही उष्ण प्रदेशातली गवतं. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम अडकवतं. रोज तेच गवत आणि वर भरपूर गव्हाचा कोंडा दिला तर काही महिन्यांत नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात आणि घोडा लंगडू लागतो. गवत उपटायची गरज नाही. लसूणघास आणि इतर गवत मिसळा, कोंडा कमी करा, कॅल्शियम किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

## पायरी ३: पोट भरा, मग घोडा हलवा

झाडाला हात लावायच्या आधल्या दिवशी घोड्यासाठी दुसरी जागा तयार करा. तिथे पायरी १ची फेरी आधी मारलेली असली पाहिजे. एका संकटातून काढून दुसऱ्यात बांधायचं नाही.

किमान तीन-चार दिवसांची तपासलेली वैरण जवळ ठेवा. ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे ६ किलो सुकी वैरण लागते, ती दिवसभरात चार-पाच वेळा विभागून द्या. नव्या जागी नेताना आधी भरपेट चारा, मग सोडा. उलट केलं तर घोडा नव्या जागेत पहिली वीस मिनिटं दिसेल ते तोंडात घालून बघतो, आणि नेमकी हीच वीस मिनिटं धोक्याची असतात.

> सावध: शिंगरू आणि बंदिस्त तबेल्यात वाढलेला घोडा झाडं ओळखायला शिकलेला नसतो. माळावर वाढलेल्या घोड्यावर जेवढा विश्वास टाकता तेवढा यांच्यावर टाकू नका.

## पायरी ४: काढणी

घोडा गेल्यावरच कोयता उचला. क्रम असा:

1. झाडाखाली ताडपत्री पसरा. सुरुवातीला मला हे उगाचच वाटायचं. एकदा ताडपत्री न टाकता कण्हेर छाटली आणि दुसऱ्या दिवशी दाताळ्यानं ओढूनही मातीत रुतलेली तीस-चाळीस पानं हातानं वेचावी लागली. तेव्हापासून ताडपत्रीशिवाय एक फांदीही तोडत नाही.
2. आधी बिया आणि शेंगा. एरंडाचे घड, गुंजेच्या शेंगा, खुळखुळ्याच्या शेंगा फुटायच्या आत पोत्यात घाला. नंतर पाला, मग खोड.
3. तोडलेलं सगळं त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत आवाराबाहेर. ‘उद्या’ हा शब्द या कामात नाही.
4. मूळ. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट जोमानं फुटते. जमिनीखाली तीन-चार इंचांवर मुख्य मूळ टिकावानं तोडा आणि बुंधा उलटा करून ठेवा. पहिल्या पावसानंतर माती भुसभुशीत असते तेव्हा हे काम निम्म्या कष्टात होतं.
5. जमीन दाताळ्यानं ओढा, मग गुडघ्यावर बसून एकदा हातानं बघा.

विल्हेवाट लावताना खोल खड्डा करून पुरा, घोड्याच्या आणि गुरांच्या वाटेपासून लांब. शेणखताच्या ढिगात टाकू नका, कारण तेच खत पुढे चाऱ्याच्या रानात जातं. ओढ्यात, विहिरीकाठी टाकू नका.

> सावध: कण्हेर जाळू नका. तिचा धूरही विषारी असतो, तुम्हाला आणि घोड्यालाही. शेर आणि रुई तोडताना चीक डोळ्यांत जाणार नाही इकडे लक्ष द्या.

तणनाशक फवारायचं असेल तर एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. फवारल्यावर तण मरायच्या आधी काही दिवस कोमेजतं, आणि काही तणनाशकांनी त्यात साखर वाढून ते जनावराला जास्त गोड लागतं. म्हणजे नेहमी टाळलेलं तण घोडा तेव्हाच खातो. फवारलेल्या रानात तण पूर्ण मरून, वाळून, उचलून नेईपर्यंत घोडा सोडू नका. डब्यावर लिहिलेली मुदत वेगळी पाळाच.

तपासा: आठ दिवसांनी पुन्हा बघा. फुटवे आले का? पावसात पडलेल्या बियांची रोपं आली का? दोन्ही नसतील तरच घोडा परत आणा.

कुंपण हिरवं हवंच असेल तर जास्वंद लावा, ती घोड्याला बाधत नाही. नाहीतर दगडी गडगा सगळ्यात बरा.

## पायरी ५: वैरण आणि चंदी तपासा

आवार स्वच्छ झालं म्हणजे निम्मंच काम झालं. बाकीचं विष पेंढीतून आणि पोत्यातून येतं, आणि ते आपणच हातानं गव्हाणीत टाकतो.

कडब्याची किंवा गवताची पेंढी बंद असताना कानाजवळ धरून हलवा. बारीक, कोरडा खुळखुळ आवाज आला तर ती बाजूला ठेवा. मग बंध सोडा, पेंढी उजेडात पसरा आणि हात आतून फिरवा. गवताच्या काड्या एकसारख्या लागतात. मध्येच जाड, फांदी फुटलेलं देठ लागलं, लांब चामडी पान लागलं, तर ओढून काढा आणि ओळखा. एका पेंढीत एक सापडलं तर त्या गंजीतल्या दहा पेंढ्या उघडून बघा. दोनपेक्षा जास्त सापडली तर ती अख्खी गंजी घोड्याला नको, आणि ज्यानं विकली त्याला सांगा म्हणजे तो पुढच्याला देणार नाही.

हे सगळं कुट्टी करायच्या आधी. एकदा यंत्रातून गेलं की कण्हेरीचं पान आणि कडब्याचं पान वेगळं ओळखता येत नाही, आणि घोड्यालाही निवडून बाजूला सारता येत नाही. तयार कुट्टी विकत घेत असाल तर ती कुठल्या रानातली आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

चंदी, म्हणजे घोड्याला द्यायचं धान्य, चाळणीनं चाळा. हरभरा, ओट, जव, जे देत असाल ते. ठिपकेदार एरंड-बी, चपटं तपकिरी धोत्र्याचं बी, लाल गुंज, यातलं एक जरी दिसलं तरी ते पोतं बंद करा. बुरशी लागलेला मका घोड्याला कधीही देऊ नका. त्या बुरशीच्या विषानं घोड्याचा मेंदू नासतो. धुऊन, वाळवून, भाजून तो सुरक्षित होत नाही.

> सावध: एरंडीची पेंड शेतात खत म्हणून घालतात. ती घोड्याच्या पेंडीच्या खोलीत ठेवू नका आणि तिचं रिकामं पोतं चंदी भरायला वापरू नका. कोंबडीचं किंवा गुरांचं तयार खाद्यही घोड्याला देऊ नका. त्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं, आणि ते घोड्याच्या हृदयासाठी थोड्या प्रमाणातही जीवघेणं आहे.

## पायरी ६: घराबाहेर जाताना

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे आणि तिथून परतताना घोडे रात्र-रात्र अनोळखी जागी बांधलेले असतात. गाडीतून उतरलेला, थकलेला, भुकेला घोडा. उतरवल्याबरोबर आपल्याजवळची वैरण तोबऱ्यातून (तोंडाला बांधायच्या पिशवीतून) किंवा जमिनीवर कापड अंथरून द्या, त्याला आधी खाऊ द्या, मग खुंटा ठोकायची जागा शोधा. महामार्गाच्या दुभाजकात आणि ढाब्यांच्या बागेत कण्हेर सर्रास लावलेली असते. पाणी पाजायला गाडी थांबवलीत तर घोड्याला झाडीकडे तोंड करून उभा करू नका.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीच्या घोड्यांचा दिवस वेगळा असतो. पर्यटक येईपर्यंत घोडा तासन्‌तास झाडाखाली उभा राहतो आणि कंटाळून कुरतडतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये तोबरा लावा. लांबच्या वाटेवर झाडी दाट असेल तर जाळीचं मुसकं बांधा, पण मुसकं बांधून बराच वेळ उन्हात उभं करू नका आणि पाणी पाजताना ते काढा.

वरातीच्या घोड्याबद्दल एवढंच: मांडवाच्या कमानीला कसली पानं लावलीत ते आधी बघा आणि घोडा तिच्यापासून हातभर लांब उभा करा. दसऱ्याला घोड्याची पूजा करताना गळ्यात झेंडूचा हार घाला, पण हारात कण्हेरीची फुलं नसावीत. घोडा शेजारच्या घोड्याच्या गळ्यातला हार खातो.

## पायरी ७: माणसांना सांगा

आमची एक घोडी अशीच गेली. शेजारच्या बंगल्यातल्या माळ्यानं कुंपण छाटलं आणि ‘जनावराला ओला पाला’ म्हणून मुठी-मुठीनं भिंतीवरून आत टाकला. त्यानं मायेनं टाकला होता. दुपारी चारला घोडीला घाम फुटला होता, कान बर्फासारखे गार, लीद पातळ. मी नाडी पकडली तर ती धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. डॉक्टर आले तोवर ती आडवी झाली होती. गव्हाणीत अर्धं चावलेलं, लांब, मधली शीर ठळक असलेलं पान मी उचललं तेव्हा मला कळलं.

त्या माळ्याला आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून ही पायरी.

- शेजाऱ्यांना, त्यांच्या माळ्यांना, गवत कापणाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा: आमच्या घोड्याला बाहेरचा पाला टाकू नका, कुठलाच नाही. ‘कण्हेर टाकू नका’ असं सांगू नका, कारण कापलेल्या ढिगात कण्हेर आहे की नाही हे त्यांनाही कळत नाही.
- भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत पाटी लावा.
- निर्माल्यासाठी झाकणाचा डबा ठेवा. शनिवारी मारुतीला वाहिलेली रुईच्या पानांची माळ आणि कण्हेरीची फुलं त्यातच जातील.
- घरातल्या पोरांना बिट्ट्या आणि गुंजा दाखवून सांगा. पोरं घोड्याला हातानं भरवतात, आणि घोडा ओळखीच्या हातातलं काहीही घेतो.

## पायरी ८: खाल्लंच असेल तर

संशय आला की लक्षणांची वाट बघू नका. खाताना दिसला एवढंच पुरेसं आहे.

1. तोंडातलं आणि गव्हाणीतलं सगळं काढा. बाकीच्या घोड्यांपुढची तीच वैरणही काढा.
2. डॉक्टरांना फोन करा. काय खाल्लं, किती, केव्हा, घोड्याचं वजन अंदाजे किती, हे चार प्रश्न ते विचारणारच.
3. घोडा शांत, सावलीत, मऊ जमिनीवर ठेवा.
4. दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजून लिहा. जबड्याच्या आतल्या कडेला बोट ठेवलं की ती लागते. विश्रांतीत मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. हिरडी गुलाबी हवी, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा.
5. झाडाची फांदी पान-फूल-फळासकट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजते.

आता जे करू नका ते. पोटशूळ झाला की घोडा फिरवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. कण्हेरीचा संशय असेल तर फिरवू नका. विष हृदयावर गेलेलं असतं, चालताना घोडा जागीच कोसळू शकतो. तेल, ताक, मिठाचं पाणी, काढा, काहीही बाटलीनं पाजू नका. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे त्यातून काही बाहेर येणार नाही. घाबरलेल्या घोड्याला पाजलेलं मात्र फुप्फुसात जातं आणि तो त्यानंच मरतो. घरात उरलेलं दुखण्याचं इंजेक्शन टोचू नका, त्यानं लक्षणं झाकली जातात. पोटातलं विष शोषायला सक्रिय कोळसा लागतो आणि तो नाकातून नळी घालून थेट पोटात द्यावा लागतो. ते डॉक्टरांचंच काम आहे, आणि जितक्या लवकर तितका उपयोग जास्त.

घोडा गडाबडा लोळत असेल तर त्याच्या पायांच्या आवाक्यात जाऊ नका. तुम्ही जखमी झालात तर त्याच्यासाठी धावणारं कुणी उरत नाही.

घोडा दगावला तर डॉक्टरांनी शवविच्छेदन करेपर्यंत पुरू नका. पोटातल्या अन्नात पानांचे तुकडे सापडतात आणि त्यावरून बाकीच्यांचा जीव वाचतो. विमा असेल तर त्यासाठीही हा अहवाल लागतो.

## पायरी ९: वर्षातून तीन फेऱ्या

पायरी १ची फेरी वर्षात निदान तीनदा मारा आणि वहीतल्या नकाशाशी ताडून बघा.

जूनच्या अखेरीस, पहिला पाऊस झाल्यावर: नवी रोपं, कळलावीचे कोंब, फुटलेली घाणेरी. या वेळी मूळ सहज निघतं.

दिवाळीच्या आगेमागे: खुळखुळा आणि तागाच्या शेंगा वाळायच्या आत, आणि वर्षाची वैरण भरायच्या आधी. गंजी रचण्याआधीची ही फेरी चुकली तर पुढचे आठ महिने प्रत्येक पेंढी तपासत बसावं लागतं.

मार्चच्या शेवटी: सगळं वाळलेलं असतं, त्यामुळे जे हिरवं दिसेल ते आधी बघा. कण्हेर, रुई, बेशरम, एरंड. याच दिवसांत वैरण महाग होते आणि गव्हाण रिकामी राहायला लागते. वैरण कमी पडणार असेल तर मार्चमध्येच बोलून ठेवा, मे महिन्यात मिळेल ती घ्यावी लागते आणि तपासायला वेळ राहत नाही.